डिकी उघडायची नाही

घर भाड्याने देताना मालक लोक काय काय विचारतात, ते मुंबईच्या आसपास राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. नोकरी कुठे, घरात माणसं किती, मटण-मच्छी चालते का, कुत्रंबित्रं नाही ना. मी आणि आई, आम्ही दोघी मायलेकी, परळची खोली सोडून भाईंदरला, नवघरमध्ये जागा बघायला गेलो, तेव्हा यातला एकही प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही. पांढरा लेंगा, वर बनियन आणि गळ्यात सोन्याची जाड साखळी अशा अवतारात मालक जिन्याखालच्या बाकावर बसले होते. त्यांनी आईकडे बघून एवढंच विचारलं, "मीठ कंचा वापरता?"

आईला वाटलं, माणूस थट्टा करतोय. ती म्हणाली, "लोणच्याला खडे मीठ, बाकी पुडीतलं."

"खडा मीठ आमचे बिल्डिंगीत चालत न्हाय," मालक म्हणाले. "मटन खावा, मच्छी खावा, काय पन खावा. पन खडा मीठ न्हाय."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी पटकन "चालेल, चालेल" म्हणून टाकलं. एवढ्या भाड्यात खिडकीतून वारा येणारी जागा मिळत होती. मालकांनी मिठाबरोबर साखरही बंद केली असती, तरी मी हो म्हटलं असतं.

मालक तिथलेच, जुन्या गावातले. आता बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं कौलारू घर होतं. त्यांचं सगळं तरुणपण मिठागरात गेलं. ते खाडीचं पाणी बांधात घ्यायचे, मीठ ओढायचे आणि काकी, म्हणजे त्यांची बायको, ते मीठ पाटीत भरून डोक्यावरून मिठाच्या राशीपर्यंत वाहायच्या. पुढे मिठागर बंद पडलं, आजूबाजूला टॉवर आले, जुन्या घराची बिल्डिंग झाली आणि मालक 'मालक' झाले. पण मिठाचा विषय निघाला, की भाऊबंदकीतल्या माणसाचं नाव काढावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा. "मीठ गेला, बरा झाला. पाय सडवाचा धंदा," एवढं बोलून ते उठून जायचे. मिठागराकडचा रस्तासुद्धा त्यांनी टाकला होता. स्टेशनच्या बाजूला जायचं असलं तरी लांबचा वळसा घालून जायचे.

आमची आई कसली ऐकते. कैऱ्यांच्या दिवसांत तिने बाजारातून खडे मीठ आणलंच. पिशवी पदराखाली झाकून जिना चढत होती, तर पहिल्याच वळणावर मालक. त्यांनी हात पुढे करून पिशवी घेतली, खाली गेले, गटाराच्या जाळीवर रिकामी केली आणि वरून बादलीभर पाणी ओतून ते सगळं विरघळेपर्यंत तिथे उभे राहिले. आईचा संताप नुसता. "जागा सोडू या, हा माणूस डोक्यावर पडलेला आहे," असं ती संध्याकाळपर्यंत बोलत होती. संध्याकाळी दाराशी वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिठाच्या पुड्यांचा ढीग ठेवलेला सापडला. बेल वाजवायची हिंमत काही मालकांना झाली नव्हती.

आता त्यांच्या गाडीबद्दल. लांबलचक, काळी, परदेशी कंपनीची गाडी. नवघरच्या त्या चिंचोळ्या गल्लीत ती वळायची तेव्हा भाजीवाल्या आपापल्या टोपल्या पोटाशी धरायच्या. लेंगा घातलेला माणूस असली गाडी चालवतो म्हटल्यावर लोक बोलणारच. जमिनीचा पैसा डोक्यात गेला, असं सगळ्यांचं मत. माझंही तेच होतं.

ती गाडी त्यांनी कशी घेतली, हे मला त्यांच्या मुलाने सांगितलं. काशीमीऱ्याला जुन्या गाड्या विकणारे आहेत. मालक तिथे गेले ते घरून तांब्या घेऊन. विकणाऱ्याकडून तांब्या काठोकाठ भरून घेतला, मागच्या सीटवर मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, "चलाव. जिथं खड्डं हायत तिथूनच चलाव." काशीमीऱ्याला खड्डे शोधावे लागत नाहीत. एकामागून एक गाड्या झाल्या आणि प्रत्येक गाडीतून मालक लेंगा ओला करून उतरले. विकणारा कंटाळून शेवटी चेष्टेने म्हणाला, "सेठ, अब वो काली वाली ही बची है." त्या काळ्या गाडीतून मालक कोरडे उतरले. ना इंजिन बघितलं, ना मायलेज विचारलं. गाडी घेतली.

आम्हाला कारण कळलं ते हळूहळू. काकींची कंबर कामातून गेलेली होती. मणके झिजलेले. रिक्षात बसल्या की पहिल्याच धक्क्याला डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आमच्याकडे रिक्षा म्हणजे धक्काच. त्या फक्त या एका गाडीत बसू शकायच्या. गाडी बाहेर निघायची तीही काकी असतील तरच. एरवी मालक शेअर रिक्षात तिसऱ्या माणसाच्या मांडीवर बसल्यासारखे बसून जायचे, पण एकट्यासाठी गाडी काढायचे नाहीत. कुणी विचारलं तर, "शोभेची गारी हाय," म्हणायचे. बायकोसाठी घेतली, हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

त्यांचा मुलगा दुबईच्या वाऱ्या करणारा, म्हणून काकींना मागे धरून बसायला पुष्कळदा मला बोलावणं यायचं. मालक गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवायचे. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. समोर खड्डा आला, की मालक आरशात बघून विचारायचे, "दुकला?" काकी म्हणायच्या, "न्हाय." पुढचा खड्डा. "दुकला?" "न्हाय." डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत त्या दोघांचं एवढंच बोलणं. मला आधी हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं.

आणि डिकी. ती डिकी ते उघडू द्यायचे नाहीत. भाजीच्या पिशव्या पुढच्या सीटवर. काकींची घडीची खुर्ची माझ्या पायांत. एकदा डॉक्टरकडून येताना गॅसचा सिलिंडर घ्यायचा होता, तर तो पुढच्या सीटवर बसवून त्याला पट्टा लावला. नाक्यावरचा ट्रॅफिक हवालदार वाकून वाकून बघत राहिला. "मालक, मागे डिकी मोकळी आहे ना?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "डिकी उघडाची न्हाय." बिल्डिंगमध्ये यावर तऱ्हेतऱ्हेचे तर्क होते. कुणी म्हणे सोनं आहे, कुणी म्हणे जमिनीची कागदपत्रं. वॉचमनचं ठाम मत होतं की बंदूक आहे.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी दसऱ्याला गाडीची नेहमीप्रमाणे साग्रसंगीत पूजा झाली. बाकीचे लोक बोनेटवर हार घालतात, टायरखाली लिंबू ठेवतात, झालं. मालक बोनेट उघडायचे आणि आत असलेल्या एका मोठ्या काळ्या डब्याला हळद-कुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे, समोर नारळ फोडायचे. "ही बॅटरी. हिच्यात सगला जीव," असं दर वर्षी आम्हाला समजावून सांगायचे. आम्हीही हात जोडायचो.

दसऱ्यानंतर काकींना ताप आला. दिवाळीही अंथरुणातच गेली. गाडी तेवढे दिवस जागची हलली नाही.

भाऊबीज आली. खरं तर भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यायचं. पण जवळच्याच मोर्वा गावात राहणाऱ्या काकींच्या भावाला अर्धांगवायू झालेला होता. त्यामुळे काकीच ताट घेऊन त्याच्याकडे जायच्या, आणि ओवाळून होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. त्या वर्षी भाच्याने फोनवर सांगितलं होतं, बाबांचं आता काही खरं नाही, आत्याला म्हणावं, या वेळी चुकवू नकोस. काकींच्या अंगात ताप नव्हता, पण ताकदही नव्हती. तरी सकाळीच हिरवं लुगडं नेसून, आंबाडा बांधून, हातात ओवाळणीचं ताट घेऊन पार्किंगमध्ये खुर्चीत येऊन बसल्या. मला धरून बसायला बोलावलं होतंच.

मालकांनी किल्लीचं बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं. दाराला किल्ली लावायला भोकसुद्धा दिसेना. मालकांनी दारावर थाप मारली, गाडीला चुचकारलं, मग एक शिवी दिली. मुलगा तेव्हा घरीच होता. तो म्हणाला, "बाबा, ॲम्ब्युलन्स बोलवू. आई आडवी होऊन जाईल, त्रास नाही होणार."

"सनाचे दिवशी माज्या भावाचे दारात ॲम्ब्युलन्स?" काकी म्हणाल्या. "मना बगून तो आधी जाईल. मी याच गारीतून जाईन, न्हायतर चालत जाईन." त्या चालत जाऊ शकत नव्हत्या, आणि हे बोलून झाल्यावर त्यांनी हट्टी पोरासारखं तोंड फिरवून घेतलं.

काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून मेकॅनिक आला. नया नगरच्या मुसलमान वस्तीतला माणूस, त्यामुळे त्याला भाऊबीजेची सुट्टी नव्हती. त्याने किल्ली हातात घेतली, उलटी केली, एक खटका दाबला, आणि त्या जाड किल्लीच्या पोटातून एक छोटी लोखंडी किल्ली बाहेर ओढली. दाराच्या मुठीशी एक झाकण होतं, त्याच्या मागे भोक. दार उघडलं. मालक तोंड उघडं टाकून बघत होते. इतकी वर्षं ती किल्ली त्यांच्या लेंग्याच्या खिशात होती.

"बैटरी गयी है, चाचा," मेकॅनिक म्हणाला.

"मना म्हाईत हाय. ये, दाखवतू," म्हणून मालकांनी ऐटीत बोनेट उघडलं. काळ्या डब्यावर दसऱ्याचं हळद-कुंकू तसंच होतं, फूल सुकून चिकटलेलं. "ही बॅटरी."

मेकॅनिकने आधी नमस्कार केला, मग डब्यावर टकटक करून म्हणाला, "चाचा, ये बैटरी नहीं है. ये तो एयर फिल्टर का डिब्बा है. इसमें से गाडी हवा लेती है."

मालक त्या डब्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्याला नारळ फोडले होते. हसू आलं होतं, पण हसण्यासारखी वेळ नव्हती. (पुढच्या दसऱ्याला मालकांनी खऱ्या बॅटरीची पूजा केली आणि मग पुढे येऊन त्या डब्यालाही हळद-कुंकू लावलं. मी विचारलं, "आता याला कशाला?" तर म्हणाले, "त्यानं कवा सांगितला व्हता का, मी बॅटरी हाय म्हनून? चूक माजी. त्याचा मान कशाला काढाचा?")

मेकॅनिकने गाडीला फेरी मारली. मागची सीट उचकटून बघितली. तिथे नव्हती. मग म्हणाला, "फिर डिक्की में होगी. इन बडी गाडियों में पीछे ही रहती है." बोनेटखाली जोडणीची टोकं होती, त्यांना त्याने आपल्या बॅटरीची वायर जोडली, म्हणजे डिकीच्या खटक्याला तेवढा करंट मिळेल, आणि डिकीकडे निघाला.

मालक त्याच्या आडवे आले. "डिकी उघडाची न्हाय."

"चाचा, बैटरी उसी में है."

"दुसरी गारी आन. टो करून ने. डिकी न्हाय."

मुलगा चिडला. वॉचमन दोन पावलं मागे सरला, बंदुकीच्या भीतीने असावा. वर गॅलरीत आमची आई उभी होती. मालक डिकीला पाठ टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका घाबरलेला होता. मला एकदम भीती वाटली, खरंच आत काही भलतंसलतं असलं तर?

काकी खुर्चीतून म्हणाल्या, "अवो, माजा भाऊ वाट बगतंय."

आवाज चढवला नव्हता. मालकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग बाजूला झाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

डिकी उघडली. आत निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, सुतळीने तोंड बांधलेलं अर्धं पोतं होतं. खालचा गालिचा ओला आणि त्याच्यावर पांढरी खपली. मेकॅनिकने पोतं बाहेर काढलं, गालिचा उचलला, तर खालच्या खड्ड्यात बॅटरी. तिच्या दोन्ही टोकांवर हिरवट-पांढरा बुरशीसारखा थर चढलेला, एक वायर गंजाने खाल्लेली. त्याने पोत्यावरची ओल बोटाला लावून जिभेला लावली.

"नमक?" तो म्हणाला.

"मीठ?" वरून आईचा आवाज. "मालक! माझ्या पिशवीवर बादली ओतलीत, आणि स्वतः पोतं घेऊन फिरताय?"

मालक वळले. म्हणाले, "यो त्यातला न्हाय, ताई."

मग ते काकींशीच बोलले, आमच्यातलं कुणी तिथे नसल्यासारखे. "तुजी कंबर गेली त्या दिसाचा हाय. बांधावरनं येताना तू खाली बसलीस ती उठलीसच न्हाय. पाटी सांडली. तुना घरी नेला, मंग परत जाऊन मी यो सगला येचून आनला. रास इकली, यो न्हाय इकला. तुजे डोक्यावरनं आलेला, कसा इकाचा? आनि घरात कसा ठेवाचा? तू बगितला असतास तर तुना परत दुकला असता."

त्या दिवसापासून ते पोतं असं लपत होतं. आधी जुन्या घराच्या माळ्यावर, मग गोदामात, मग डिकीत. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे मिठागरात जन्म काढलेल्या माणसाला काय सांगायचं? पण बॅटरी पुढे आहे, या भरवशावर ते निर्धास्त होते. ती नेमकी त्या पोत्याखाली होती, आणि मीठ वर्षानुवर्षं तिच्यावर पाझरत होतं.

काकी आधी हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मग त्याच पदराने डोळे पुसले. "माजे डोक्यावरचा भार तुमी एवढी वरसं वाहिलात व्हय," त्या म्हणाल्या. "एकदा सांगाचा तरी."

मी जिन्याच्या खांबाआड झाले. मला रडू येत होतं आणि वरून आई बघत होती.

मेकॅनिकने नवी बॅटरी आणली, वायर बदलली, मग एक यंत्र जोडून बसला. म्हणाला, नवीन बॅटरी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला तिची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर तो तिला नीट चार्ज करत नाही. "म्हंजे नवी सून," मालक म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज नेहमीसारखा वाटला. मेकॅनिकने बजावलं, "चाचा, अब डिक्की में नमक बिल्कुल नहीं."

मालक पोतं उचलून निघाले. "खाडीत टाकून येतू."

"ठेवा खाली," काकी म्हणाल्या. त्यांनी सुतळी सोडायला लावली आणि लुगड्याचा पदर पसरून त्यात ओंजळीने मीठ घालून घेतलं. मालक "कमरंला भार, कमरंला भार" करत राहिले. "मांडीला कंबर असते का?" असं म्हणून काकी ते पदरात घेऊन गाडीत बसल्या.

मोर्व्याला पोचेपर्यंत दुपार कलली. काकींच्या भावाचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, बोललेलं फारसं कळायचं नाही. काकींनी आधी ओवाळलं. मग पदरातला मिठाचा एक खडा काढून त्याच्या जिभेवर ठेवला. तोही त्याच मिठागरात त्यांच्याबरोबर राबलेला. त्याने डोळे मिटले. खडा बराच वेळ तोंडात घोळवला. आणि मग जो शब्द आला, तो मला, परक्या बाईलाही, लख्ख कळला. "आपला."

काकी त्याच्या उशाशी बसून जेवल्या. मालक आत आले नाहीत. बाहेर गाडीच्या डिकीवर हात ठेवून उभे होते. मी जाऊन त्यांना सांगितलं, काकींचे भाऊ काय म्हणाले ते. त्यांनी डिकीवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, "तुजे आयला सांग, लोनच्याला पायजे तेवढा घेऊन जा." ते मीठ पुढे बिल्डिंगमध्ये घरोघर गेलं. पुढच्या उन्हाळ्यात आईने घातलेलं लोणचं मालकांनी आमच्या दारात उभं राहून बोटाने चाखलं आणि "खारट झाला," म्हणाले.

मोर्व्याहून परत येताना मालक नेहमीसारखे लांबच्या वळशाच्या रस्त्याला लागले. काकी मागून म्हणाल्या, "सरल रस्त्यानं घ्या." मालकांनी आरशात बघितलं. गाडी वळवली.

मिठागराची जागा आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बांध अजून होते, ढासळलेले, त्यांच्यावर गवत माजलेलं. पलीकडे टॉवरच्या खिडक्या चमकत होत्या. मालकांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कितीतरी वर्षांनी ते त्या बाजूला बघत होते. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच. खांदे हलताना मला मागून दिसत होते.

काकी पुढे वाकल्या. कंबर दुखत असणार, पण वाकल्या, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून विचारलं,

"दुकला?"

मालकांनी आरशात बघितलं नाही. "दुकला," ते म्हणाले.

मग त्यांनी पालथ्या हाताने डोळे पुसले आणि बटण दाबलं. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.